परदेशातल्या शाळेतला पहिला दिवस : सोलापुरातून निघणाऱ्या छात्राध्यापकांसाठी

जुलै-ऑगस्ट उजाडला की इंग्लंडला निघालेली दोन-चार पोरं-पोरी घरी येऊन बसतात. कुणाचं एम.एस्सी. झालेलं असतं, कुणाचं बी.एड.सुद्धा. तिथल्या विद्यापीठात पी.जी.सी.ई.ला, म्हणजे शिक्षक होण्याच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाला, प्रवेश मिळालेला असतो. व्हिसा, विमान, राहायची सोय यावर थोडं बोलणं झालं की खरा प्रश्न बाहेर येतो : "मॅडम, पहिल्या दिवशी पाठ कुठला घेऊ? टाचण इथूनच काढून नेऊ का?"

पाठ घ्यायचा नाही आणि टाचणही न्यायचं नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला कुणी शिकवायला उभं करत नाही. तुम्ही मागच्या बाकावर बसून नेमकं काय बघता, कुणाला काय विचारता आणि मुलांशी कसं वागता, एवढंच त्या दिवशी शाळा तुमच्यात बघते. मी तिकडे काही वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं आहे आणि नव्याने आलेले छात्राध्यापकही सांभाळले आहेत. जे छात्राध्यापक पहिल्याच दिवशी छाप पाडायला निघतात, त्यांचा दुसरा आठवडा फार जड जातो. खाली लिहिलेलं सगळं इंग्लंडमधल्या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळांना धरून आहे. दुसऱ्या देशात निघाला असाल तर तिथले नियम वेगळे, पण तयारीची पद्धत बरीचशी हीच.

हिशोब आधी समजून घ्या. आपल्याकडे २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात वीस आठवडे शाळेत आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतला सराव, असते. तिकडे एका शैक्षणिक वर्षात किमान २४ आठवडे शाळेत काढायचे असतात, तेही दोन वेगवेगळ्या शाळांत. म्हणजे विद्यापीठात तुम्ही कमी दिसणार आणि शाळेत जास्त. पंधरा सूक्ष्मपाठ झाले, सराव पाठाच्या वहीवर सही घेतली आणि सुटलो, असं तिथे होत नाही.

पहिली पायरी : कागदं, आणि त्यावरचं नाव

मुलांच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक माणसाची तिथे पोलिसी नोंद तपासली जाते. ही तपासणी तुमचं विद्यापीठ करून घेतं, तिला डी.बी.एस. म्हणतात. भारतात राहिलेल्यांकडून बहुधा इथलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पी.सी.सी., मागतात. त्यासाठी पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावरून अर्ज करायचा. शहरात राहत असाल तर पडताळणी पोलीस आयुक्तालयाकडून होते. बार्शी, माढा, सांगोल्याकडचे असाल तर ग्रामीण पोलिसांकडून. पासपोर्टवर गावचा पत्ता आणि राहायला जुळे सोलापुरात भाड्याने, असा प्रकार असेल तर वेळ जास्त धरून चाला.

खरी अडचण नावाची असते, मुलींच्या बाबतीत विशेष. डी.बी.एस.च्या अर्जात आजवर वापरलेली सगळी नावं द्यावी लागतात. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कधी कधी पहिलं नावही तांदळात लिहून बदलतात. दहावीची सनद एका नावाने, पदवी दुसऱ्या नावाने आणि पासपोर्ट तिसऱ्याच नावाने असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नोंद मूळ प्रतीत बरोबर ठेवा. ही कागदं मागून कुरिअरने मागवत बसलात तर शाळेतला पहिला दिवस पुढे जातो आणि बाकीचे छात्राध्यापक तुमच्या दोन आठवडे पुढे निघून जातात.

दुसरी पायरी : रंगीत तालीम, इथेच

ही पायरी कुठल्याही विद्यापीठाच्या माहितीपत्रकात नाही आणि सगळ्यात जास्त उपयोगाची हीच आहे. निघण्याआधी एक अख्खा दिवस अशा शाळेत बसा जिथली भाषा तुम्हाला येत नाही. दुसऱ्या शहरातल्या माणसाला यासाठी बराच शोध घ्यावा लागेल. आपल्याला रिक्षाने पंधरा मिनिटं लागतात. तुम्ही मराठी माध्यमातले असाल तर कन्नड नाहीतर उर्दू माध्यमाच्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन बसा. तेही जमलं नाही तर पूर्व भागातल्या मराठी शाळेत पहिलीच्या वर्गात बसा. तिथे घरी तेलुगू बोलणारी मुलं मराठीत शिकताना दिसतील.

काय बघायचं? बाईंचं बोलणं कळत नसताना वर्गात काय चाललंय हे कशावरून ओळखता येतं, ते. मुलं कुठल्या खुणेवर गप्प होतात. वही कधी उघडतात. न समजलेलं पोर काय करतं : शेजारच्याच्या वहीत बघतं, पेन्सिलीला टोक काढत बसतं, की पाणी प्यायला जायची परवानगी मागतं? इंग्लंडमधल्या शाळांत साधारण पाचातल्या एका मुलाची घरची भाषा इंग्रजी नसते. कुणाच्या घरी पंजाबी, कुणाच्या पोलिश, कुणाच्या अरबी. तिथल्या तुमच्या बरोबरीच्या छात्राध्यापकांना हे नवीन असेल. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानात हिंदी आणि अक्कलकोटच्या मावशीशी कन्नड अशा गावातून तुम्ही चालला आहात. ही तुमची जमेची बाजू आहे, ती मुलाखतीत आणि शाळेतही सांगा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्या कामातही मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक मराठी हा पेच होताच.

दुसरी तालीम कानाची. तिथली मुलं बातम्यांतल्या निवेदकासारखं बोलत नाहीत. बर्मिंगहॅमचं इंग्रजी वेगळं, लिव्हरपूलचं वेगळं. ज्या शहरात चालला आहात तिथल्या स्थानिक रेडिओचे कार्यक्रम महिनाभर ऐका. तुमच्या उच्चारांची मात्र लाज बाळगू नका, फक्त वेग कमी करा. आपण सोलापूरकर वाक्याचा शेवट घाईने गिळतो, आणि सूचना नेमकी वाक्याच्या शेवटी असते.

तिसरी पायरी : शाळा आधी वाचून घ्या

शाळा ठरल्याचं कळलं की तिच्या संकेतस्थळावर जा. वागणुकीचे नियम तिथे जाहीर ठेवणं शाळांना बंधनकारक आहे. ते पूर्ण वाचा. मूल बोललं तर पहिल्यांदा काय करायचं, दुसऱ्यांदा काय, कुठल्या टप्प्यावर वर्गाबाहेर पाठवायचं, हे ठरलेलं असतं. तिथे शिक्षकाने स्वतःच्या मर्जीने शिक्षा ठरवायची नसते. हात उगारणं तर सोडाच. सरकारी शाळांतली शारीरिक शिक्षा इंग्लंडने १९८६ च्या कायद्याने बंद केली; आपल्याकडेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ती बंद आहे. पण पाठीवर थाप, कान धरणं, "ए गप बस की बे" म्हणत टपली, हे आपल्याकडे प्रेमात मोडतं. तिथे यातलं काहीही नको. हात खिशात नाहीतर वहीवर.

बालसुरक्षेवरचं एक सरकारी मार्गदर्शक पुस्तक असतं, 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन' नावाचं. त्याचा पहिला भाग मुलांबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांनी वाचावाच लागतो. विमानात वाचा, लांबलचक नाही.

इयत्तांचं गणित सोपं आहे : तिथल्या आकड्यातून एक वजा करा. इयर सेव्हन म्हणजे आपली सहावी, इयर इलेव्हन म्हणजे दहावी. दहावीच्या त्यांच्या परीक्षेला जी.सी.एस.ई. म्हणतात. त्यात ९ ही सगळ्यात वरची श्रेणी आणि १ सगळ्यात खालची. ४ मिळाले की साधारण पास धरतात. आपल्या डोक्यात पहिला नंबर बसलेला असतो, त्यामुळे "मला एक मिळाला" असं ऐकून अभिनंदन करू नका.

गणितवाल्यांसाठी दोन गोष्टी जास्तीच्या. तिथे स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर पडतो, लाख-कोटी नाही. फळ्यावर सवयीने १,००,००० लिहाल तर वर्ग गोंधळेल. आणि पाढे १२ पर्यंतच. चौथ्या इयरला, म्हणजे आपल्या तिसरीच्या वयात, बारा बारे एकशे चव्वेचाळीसपर्यंतची चाचणी होते. तुम्हाला एकोणतीसचा पाढा येतो हे कौतुक स्टाफरूमसाठी राखून ठेवा. भागाकार मांडायची पद्धतही वेगळी आहे, ती मुलांच्या वहीत आधी बघा.

चौथी पायरी : डबा

यावर स्वतंत्र लिहावंच लागतं, कारण आपण सोलापूरचे. प्रत्येकाच्या बॅगेत दोन किलो शेंगाचटणी, वर शेंगापोळ्या आणि कडक भाकरीची चवड असते. घरी खुशाल खा. शाळेत शेंगाचटणी न्यायची नाही. डब्यात नाही, दप्तरात नाही, "एक चमचा फक्त" म्हणूनही नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाचा श्वास काही मिनिटांत अडकू शकतो आणि जीवही जाऊ शकतो. बऱ्याच शाळा आवारात दाणे येऊच देत नाहीत. अशा मुलांसाठी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन शाळेत ठेवलेलं असतं. ते कुठे आहे हे पहिल्या दिवशी विचारून घ्या.

सकाळी न्याहारीला चटणी-भाकरी खाल्ली असेल तर हात साबणाने नीट धुऊन, दात घासूनच निघा. त्या देशात खाद्यपदार्थांवर सांगावे लागणारे ॲलर्जीकारक घटक १४ आहेत. त्यात शेंगदाणा आहे, तीळ आहे आणि मोहरीसुद्धा आहे. म्हणजे आपली फोडणी आणि संक्रांत दोन्ही त्यात आली. जानेवारीत इकडे गड्ड्याची यात्रा भरली की तुम्हाला तिकडे तिळगूळ वाटायची हुक्की येईल. मुलांना परवानगीशिवाय काहीही खायला द्यायचं नाही, प्रसाद म्हणूनही नाही. मोठ्यांनाही आधी विचारून. कडक भाकरी आणि कोरडी भाजी मात्र उत्तम : सांडत नाही, गरम करायला मायक्रोवेव्हच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, आणि जेवायला मिळणारा वेळ तसाही थोडा असतो.

चहाचा कप स्वतःचा न्या. स्टाफरूममधल्या कपांना मालक असतात आणि ते लक्षात ठेवतात. चहा आणून देणारे शिपाईमामा तिथे नाहीत. झेरॉक्सही आपली आपणच काढायची, त्यासाठी मशीनचा कोड लागतो.

कपड्यांचं थोडक्यात : नीटनेटके, औपचारिक, आणि पायात चालता येईल असे बंद बूट. साडी, सलवार-कमीज, टिकली, मंगळसूत्र, काहीच अडत नाही. पण मधल्या सुट्टीत पावसात मैदानावर उभं राहायची वेळ येऊ शकते, तेव्हा सुती साडी आणि चपला यांचा विचार करून ठरवा. आत हीटर असतो, बाहेर गारठा. त्यामुळे एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ बरे. आदल्या दिवशी शाळेच्या वेळेलाच बसने एकदा जाऊन या.

पाचवी पायरी : फाटकापासून हजेरीपर्यंत

शाळा बहुतेक साडेआठ-पावणेनऊला सुरू होते. आठच्या आत पोचा. थेट वर्गाकडे जायचं नाही. फाटकाचं कुलूप कार्डाने उघडतं आणि पाहुण्यांनी आधी रिसेप्शनवर सही करायची असते. फोटो असलेलं ओळखपत्र आणि डी.बी.एस.ची माहिती दाखवली की गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळतं. ते दिवसभर दिसलं पाहिजे. कोण कुठल्या प्रकारचा माणूस आहे हे फितीच्या रंगावरून मुलांनाही कळतं. मागून कुणी अनोळखी माणूस आला तर त्याच्यासाठी दार धरून ठेवू नका. आपल्याला हा उद्धटपणा वाटतो, तिथे ते कर्तव्य आहे.

तुम्हाला सांभाळणाऱ्या शिक्षिकेला मेंटॉर म्हणतात, आपल्या मार्गदर्शक शिक्षकासारख्या. त्या आणि बऱ्याच शाळांत मुख्याध्यापकसुद्धा स्वतःची ओळख पहिल्या नावाने करून देतील आणि तुम्हीही तसंच हाक मारावी अशी अपेक्षा असते. जिभेला जड जातं. वयाने आईएवढ्या बाईंना नुसत्या नावाने कसं बोलवायचं? बोलवायचं. फक्त मुलांसमोर कुणाचंही पहिलं नाव घ्यायचं नाही. तिथे मिस्टर-मिसेस आणि आडनाव. मुलं तुम्हाला 'मिस' नाहीतर 'सर' म्हणतील, तुमचं लग्न झालेलं असो वा नसो. तुमचं आडनाव अन्नलदास, म्हेत्रे किंवा बिराजदार असेल तर ते फळ्यावर एकदा लिहून, सावकाश म्हणून दाखवा. मुलांना सोपं जावं म्हणून ते कापून 'मिस बी' करू नका. मुलं आठवडाभरात शिकतात.

पहिला अर्धा तास बहुधा वर्गशिक्षकाबरोबर हजेरीत जातो. हजेरी संगणकावर, दिवसातून दोनदा घ्यावीच लागते. सकाळच्या उपस्थितीला एका बाजूला झुकलेली तिरकी रेघ, दुपारच्याला उलट्या बाजूची. कारण कळेपर्यंत गैरहजराला एन, उशिरा आलेल्याला एल. ही हजेरी म्हणजे मस्टर भरणं नाही. एखादं मूल घरातून निघालं आणि शाळेत पोचलं नाही तर ते इथेच लक्षात येतं आणि घरी फोन जातो. आगीचा भोंगा वाजला तर मैदानावर याच यादीने मुलं मोजतात. कुठल्या दाराने बाहेर पडायचं, कुठे उभं राहायचं, हे मेंटॉरला दहा वाजायच्या आत विचारा.

सहावी पायरी : मागच्या बाकावर

आत जाण्यापूर्वी वर्गाच्या शिक्षकांना विचारा : कुठे बसू, आणि मुलांना मदत करू की नुसतं बघू? बसण्याचा आराखडा मागा. त्यावर कुठल्या मुलाला विशेष गरजा आहेत, कुणाला मोठ्या अक्षरांतली प्रत लागते, कुणी पुढेच बसायचं आहे, याच्या खुणा असतात. तो कागद गोपनीय असतो. बाकावर विसरून येऊ नका आणि त्याचा फोटोही काढू नका. वर्गात कुणा मुलाशेजारी बसलेल्या दुसऱ्या बाई दिसल्या तर त्या बहुधा सहायक शिक्षिका. वर्गातलं सगळ्यात खरं त्यांना माहीत असतं. मधल्या सुट्टीत त्यांच्याशी बोला.

आता निरीक्षण. आपल्या बी.एड.च्या निरीक्षण वहीत काय लिहिलं जातं ते आपण सगळेच जाणतो : प्रस्तावना परिणामकारक, फलकलेखन सुवाच्य, आवाजात चढउतार आवश्यक. सही, शिक्का. तिथे याचा कुणाला उपयोग नाही, आणि अनुभवी शिक्षकाच्या पाठावर गुण दिल्यासारखं लिहिलेलं त्यांच्या हाती लागलं तर अवघड होईल. पानाचे तीन भाग करा. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात शिक्षकांनी काय केलं, तिसऱ्यात मुलांनी काय केलं. मत लिहू नका. "९:०५, मुलं दारात रांगेत. ९:०७, पडद्यावर चार प्रश्न, कुणी न सांगता लिहायला सुरुवात. ९:११, सगळ्यांनी छोट्या पाट्या वर केल्या, सात चुकीच्या." असं.

छोट्या पांढऱ्या पाट्यांकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे "कळलं का?" विचारलं की "होऽ" येतो आणि पुढचा मुद्दा सुरू होतो. तिथे तीसही मुलं उत्तर लिहून एकदम वर धरतात आणि कुणाचं चुकलं ते लगेच दिसतं. हात वर न करताच नाव घेऊन विचारण्याची पद्धतही बऱ्याच शाळांत आहे. दुसऱ्या तासाला अख्खा वर्ग न बघता एकच मूल निवडा, शांत बसणारं, आणि पन्नास मिनिटं तेवढंच बघा. संध्याकाळी मेंटॉरशी बोलायला याच नोंदी कामी येतात.

मोबाइल बंद करून बॅगेत. मुलांबरोबर सेल्फी नाही, वर्गाचा फोटो नाही, 'फर्स्ट डे' म्हणून स्टेटस नाही. आईला दाखवायचा असेल तर शाळेच्या बाहेरचा बोर्ड पुरे, तोही मुलं फ्रेममध्ये नसताना. स्वतःची समाजमाध्यमांची खाती निघण्याआधीच खासगी करा. मुलं पहिल्या दुपारी तुम्हाला शोधतात.

मुलं काय विचारतील

"मिस, तुम्ही कुठल्या?" हे नक्की. नुसतं 'इंडिया' म्हणून सोडू नका, दोन मिनिटांचं उत्तर तयार ठेवा. मुंबईपासून सुमारे चारशे किलोमीटर, उन्हाळ्यात ४४ अंश, चादरी विणणारं गाव. ४४ अंश ऐकून इयर सेव्हनचा वर्ग तुमचाच होतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे, १९३८ मध्ये चीनला गेले आणि तिथल्या जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले, हेही सांगता येईल.

इतिहासाचे छात्राध्यापक असाल तर आणखी एक प्रश्न येतो, कधी मुलांकडून, कधी स्टाफरूममधून : ब्रिटिश राजवटीबद्दल तुमच्या गावात काय सांगतात? चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्याला उत्तर माहीत असतं. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. तारखा आणि नावं नीट सांगा. भाषण करू नका, मवाळही करू नका. असं उत्तर ऐकून एखाद्या इतिहास विभागाने तुम्हाला त्यावर पुढे पाठ घ्यायला सांगितलं तर नवल नाही.

धर्म, पगार, लग्न, बॉयफ्रेंड यावरही प्रश्न येतील. "ते राहू दे, तू काय करतोयस ते दाखव," असं हसून म्हणायचं आणि वहीकडे वळायचं.

मूल काही सांगू लागलं तर

पहिल्याच दिवशी असं घडेल असं नाही, पण नवीन माणसाला मुलं सांगतात, कारण तो अजून कुणाच्या बाजूचा नसतो. "मिस, तुम्हाला एक सांगू? कुणाला सांगू नका हं." आपल्या तोंडून सहज जातं, "नाही सांगणार, सांग बाळा." हे वाक्य तिथे कधीही उच्चारायचं नाही. गुप्ततेचं वचन देता येत नाही, हे आधीच आणि शांतपणे सांगायचं : "तू सुरक्षित राहावंस म्हणून मला कदाचित एका व्यक्तीला सांगावं लागेल." मग ऐकायचं. खोदून विचारायचं नाही, "बाबांनी मारलं का?" असं उत्तर तोंडात घालणारं तर मुळीच नाही. धक्का चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही. जवळ घ्यावंसं वाटेल, नका घेऊ. दार उघडं किंवा काचेतून कुणाला दिसेल अशा जागी उभे राहा.

मूल गेलं की लगेच, त्याच्याच शब्दांत, वेळ घालून लिहून काढा. आणि त्याच दिवशी, घरी जाण्यापूर्वी, शाळेच्या बालसुरक्षा प्रमुखांना भेटून द्या. प्रत्येक शाळेत असा नेमलेला माणूस असतो, बहुधा त्याचा फोटो भिंतीवर लावलेला असतो. सकाळी रिसेप्शनवर उभे असतानाच तो चेहरा बघून ठेवा. घरी नवऱ्याला, रूममेटला किंवा सोलापूरच्या ग्रुपवर नाव न घेताही यातलं काही सांगायचं नाही. तुम्हाला खात्री नसली, "आपल्याच ऐकण्यात चूक असेल" असं वाटलं, तरी सांगायचंच. खरं-खोटं तपासणं हे तुमचं काम नाही.

शाळा सुटल्यावर

सव्वातीनच्या सुमाराला मुलं जातात, शिक्षक जात नाहीत. मेंटॉरला दहा मिनिटं आहेत का विचारा आणि दोनच प्रश्न न्या, तेही पाहिलेल्या गोष्टीवर : "९:११ ला सात पाट्या चुकीच्या होत्या, तेव्हा तुम्ही पुढे जायचं कशावरून ठरवलं?" असा प्रश्न ऐकला की तुमच्याकडे बघण्याची नजर बदलते. भेटवस्तू पहिल्या दिवशी देऊ नका. सोलापुरी टॉवेल बॅगेत असू दे, शेवटच्या आठवड्यात द्या.

बाहेर पडताना रिसेप्शनवर निघाल्याची सही करा. नाहीतर आगीचा भोंगा वाजल्यावर तुम्हाला आत शोधत बसतील. घरी गेल्यावर मेंटॉरला चार ओळींची मेल : आभार, उद्या कुठल्या तासांना बसायचं, आणि वेळापत्रकाची प्रत हवी असल्यास ती. आणि एक नंबर पहिल्याच दिवशी फोनमध्ये साठवा. आजारी पडलात किंवा बस चुकली तर सकाळी किती वाजायच्या आत कुणाला कळवायचं, ते प्रत्येक शाळेचं ठरलेलं असतं. कळवायचं शाळेलाही आणि विद्यापीठालाही, दोन्हीकडे वेगवेगळं.